‘ठीक’चा पहारेकरी

ऑफिसात शिरल्या शिरल्या समोरच्या भिंतीवर एक मोठा पडदा होता आणि त्यावर ताटाएवढा हिरवा ठिपका. तो सारखा धडधडायचा. साहेबांचा त्याच्यावर पोटच्या पोरासारखा जीव. पाहुणे आले की आधी ठिपक्याचं दर्शन, मग खुर्ची, मग पाणी. ठिपका हिरवा म्हणजे साइट चालू, आणि साइट चालू म्हणजे घराघरांतल्या आजारी माणसांना ऑक्सिजनच्या टाक्या वेळेवर मिळताहेत. कंपनीचा धंदा तेवढाच. लोकांनी साइटवर बटण दाबायचं, गोदामात ऑर्डर उमटायची, गाडीवाल्याने भरलेली टाकी घरी पोचवून रिकामी परत आणायची.

साइटचे सर्व्हर सांभाळणाऱ्या बाईला सगळे नाकाडी म्हणत. नाक लांब होतं हे खरंच, पण नाव पडलं ते मुरडण्यावरून. तिला किळस यायला वेळ लागत नसे. बेसिनमधल्या कपात उगवलेली बुरशी, दुसऱ्याने अर्धवट टाकून दिलेला कोड, मायक्रोवेव्हच्या आतलं छत, सगळ्यांनी तिचं नाक वर जायचं. आणि या सगळ्यांवर कडी म्हणजे साहेब. साहेब गाडीच्या किल्लीने कान कोरत, किल्लीचं टोक उजेडात धरून निरखत, आणि तीच किल्ली तिच्या की-बोर्डाशेजारी ठेवून विचारत, “काय म्हणतोय आपला सर्व्हर?” ते गेले की ती टेबल पुसून काढायची. ओला रुमाल ड्रॉवरमध्ये त्यासाठीच असायचा.

त्या दिवशी दुपारी मोठे पाहुणे यायचे होते. कुठल्याशा दवाखान्यांच्या मंडळाची माणसं, करार करायला. साहेब सकाळपासून नव्या शर्टात येरझाऱ्या घालत होते, आणि नेमका तेव्हाच नाकाडीला मावशीचा फोन आला.

“चिमे, कामात आहेस का गं?”

नाकाडीला वाढवलं ते मावशीने आणि तिच्या यजमानांनी, म्हणजे काकांनी. काकांची फुप्फुसं गेली दोन वर्षं टाकीवर चालत होती. ‘फोन करत बसू नकोस, आमच्या साइटवर मागवत जा,’ असं मावशीला शिकवलं होतं ते हिनेच.

“बोल.”

“काही नाही गं, सहज. ती टाकी अजून आली नाही.”

“मागवलीस कधी?”

“काल संध्याकाळी. बटण दाबलं, तर ठीक म्हणून आलं.”

नाकाडी जागच्या जागी ताठ झाली. ऑर्डर लागली की ‘ऑर्डर नोंदवली’ असं यायचं आणि खाली नंबर. ‘ठीक’ असं कुठे येतच नव्हतं.

“ठीक? नीट वाचलंस का?”

“चष्मा नव्हता लावला. पण मोठं अक्षर होतं, ठीक असंच होतं. मी म्हटलं, झालं काम.”

“लावलेली टाकी किती उरलीये?”

“काटा खाली आलाय. पण तू घाबरू नकोस. काका ठीक आहेत. सकाळपासून कुरकुर नाही की काही नाही, गप्प पडून आहेत.”

हे ऐकून नाकाडी खुर्चीतून अर्धी उठली. काका म्हणजे जन्माचे तक्रारखोर. चहा पाणचट, पंखा हळू, शेजाऱ्याचा कुत्रा मूर्ख, डॉक्टर त्याहून मूर्ख. त्या घरात तब्येत मोजायचं एकच माप होतं: काका कुरकुरताहेत तोवर बरं आहे, गप्प बसले की धाव घ्या. मावशीलाही हे माहीत होतं. पण पोरीला कामात त्रास नको म्हणून ती घर जळत असतानाही ‘जरा ऊब आलीये’ म्हणाली असती.

“मी बघते,” म्हणून तिने फोन ठेवला आणि मोबाइलवर साइट उघडली. पानावर मोठ्या अक्षरांत होतं, ‘सध्या सगळं ठीक’. आणि मोबाइलचा पडदा अरुंद म्हणून खालच्या ओळीत एकटाच घसरलेला शब्द, ‘नाही’. त्याखाली बारीक, ‘कृपया थोड्या वेळाने या’.

तिने मान वर करून भिंतीकडे पाहिलं. ठिपका हिरवागार, मजेत धडधडत होता.

तिने गोदामात फोन लावला. गोदामवाला खुशीत होता. “मॅडम, कालपासून एकही ऑर्डर नाही. म्हटलं चला, लोक बरे झाले!”

“एक टाकी आत्ता पाठवता येईल का? पत्ता देते.”

“नंबराशिवाय टाकी हलत नाही, मॅडम. कुलूपच उघडत नाही. तुमच्याच साइटने नंबर द्यायचा असतो.”

म्हणजे आधी साइट उठवायची, मग नंबर, मग टाकी, मग काका. नाकाडी कामाला लागली. साइटचे सर्व्हर दोन. एक दारातला, जो लोकांना पानं दाखवतो आणि कोण आलं, काय मागितलं याची नोंद ठेवतो. दुसरा आतला, जो ऑर्डरी लिहून घेतो. आतल्या सर्व्हरवर शिरताच तिला कारण सापडलं. डिस्क काठोकाठ भरली होती, ऑर्डर लिहायला तीळभर जागा नव्हती. कशाने भरली म्हणून झाकण उघडलं, आणि आठवडाभर न उचललेल्या कचऱ्याच्या डब्यात डोकावल्यासारखं तिचं तोंड कडू झालं. आत ओळीमागून ओळ एकच शब्द होता. ठीक. ठीक. ठीक. ठीक.

ही करामत पहारेकऱ्याची. पहारेकरी म्हणजे साइटवर नजर ठेवणारा छोटासा प्रोग्राम. तो साइटचं पान उघडायचा, साइट चालू असताना सर्व्हर पानात लोकांना न दिसेल असा जो ‘ठीक’ शब्द ठेवायचा तो शोधायचा, सापडला की ठिपका हिरवा करायचा आणि आपली शाबासकी आतल्या सर्व्हरवर लिहून ठेवायचा. आधी तो मिनिटाला एकदा जायचा. ठिपका धडधडता हवा म्हणून साहेबांनी त्याला दर सेकंदाला पळायला लावलं होतं. जुन्या नोंदी झाडून टाकायचं कुणाच्या मनातही आलं नाही. शेवटी ‘ठीक’ ‘ठीक’ लिहून लिहून त्यानेच सर्व्हरचा गळा आवळला. आणि साइट पडल्यावर ‘सगळं ठीक नाही’ या पानातही त्याला ‘ठीक’ सापडत राहिला. चष्मा नसलेल्या मावशीने जे वाचलं तेच यानेही वाचलं. मावशीचं वय तरी झालं होतं.

नाकाडीला क्षणभर हसूच फुटलं. काय ही गाढवं! मग तिने सगळे ‘ठीक’ पुसले, आतला सर्व्हर उठवला आणि पहिली ऑर्डर मावशीची लावली. त्यात तिला काडीचंही वाईट वाटलं नाही. नंबर गोदामवाल्याच्या कानात ओरडून सांगितला. “गाडी जोरात पळवायला सांगा. माझे काका आहेत.”

“निघालीच, मॅडम.”

एवढ्यात शेजारी किल्ली ठेवल्याचा आवाज झाला. साहेब. दातांत काडी, हातात बिस्कीट.

“काय म्हणतोय आपला सर्व्हर?”

“कालपासून मेला होता. आत्ता उठवला. पहारेकरीच चुकीचा आहे, साहेब. ‘ठीक नाही’ मध्येही त्याला ‘ठीक’ दिसतो. मी तो शब्द बदलतेय.”

साहेबांनी बिस्कीट तोंडात कोंबलं आणि कौतुकाने मान डोलावली. “चुकीचा नाही गं तो. ते पान मीच लिहून घेतलं. आधी नुसतं ‘साइट बंद आहे’ असायचं आणि भिंत लाल व्हायची. पाहुण्यांसमोर एकदा नाक कापलं गेलं. मग मी डोकं लढवलं. तुझ्या आधीच्या माणसाला म्हटलं, वाक्यात ‘ठीक’ घाल. बघ, तेव्हापासून एकदा तरी लाल झाली का?” आणि आपल्याच विनोदावर ते हसले. बिस्किटाचे ओले कण की-बोर्डावर उडाले.

नाकाडी त्या कणांकडे बघत राहिली. मूर्खपणाची किळस तिला सवयीची होती, ती नाक मुरडून भागायची. ही वेगळी होती. ही ओल्या रुमालाने पुसून जाणारी नव्हती. या माणसाने चूक केली नव्हती. त्याने विचार करून, शब्द निवडून, आंधळा पहारेकरी नेमला होता, आणि वर त्याचा गर्व होता.

“कालपासून ज्यांनी बटण दाबलं, त्यांच्या ऑर्डरी कुठेच नाहीत,” ती म्हणाली. “दारातल्या सर्व्हरवर त्यांचे ग्राहक नंबर आहेत. एकेकाला फोन करून टाक्या पाठवायला हव्यात.”

“आत्ता? पाहुणे जिन्यात असतील. आणि त्या नोंदी पुसून टाक, उगाच कुणाच्या हाती लागायला नकोत. तक्रार आली का कुणाची?”

“गुदमरणारा माणूस तक्रार कशाने करेल, साहेब?”

“तुझं आपलं काहीतरीच,” म्हणत साहेबांनी बोटं तिच्या खुर्चीच्या पाठीला पुसली आणि ते दाराकडे गेले.

नाकाडीने खुर्ची पुसली नाही. तिने दारातल्या सर्व्हरवरचे ग्राहक नंबर काढले आणि ग्राहकांचे फोन घेणाऱ्या पोरीला बोलावलं. “यातल्या प्रत्येकाला लाव. ‘ठीक आहात का’ असं विचारू नकोस. काटा कुठे आहे ते विचार आणि लगेच ऑर्डर लाव.” पोरीने एकदा तिच्या तोंडाकडे बघितलं आणि फोन उचलला. इकडे नाकाडीने पहारेकऱ्याला नवं काम दिलं. आता त्याने शब्द शोधायचा नाही. कालपासून ज्यांनी बटण दाबलं, त्यांतल्या एकालाही टाकी पोचायची बाकी असेल तर ठिपका लाल. गाडीवाला घरी टाकी देऊन सही घेईल तेव्हा एक नाव कमी. सगळी नावं संपली की हिरवा.

तिने ते चालू केलं. भिंत लालभडक झाली आणि सगळ्या ऑफिसच्या तोंडांवर तिचा उजेड पडला.

पाहुणे तेव्हाच आत आले. साहेबांचा हात सवयीने भिंतीकडे गेला होता, तो तिथेच लोंबकळत राहिला. पाहुण्यांतल्या पांढऱ्या केसांच्या बाईंनी विचारलं, “लाल म्हणजे काय?”

“चाचणी चाललीये,” साहेब म्हणाले. मग तोंड वळवून दातांतल्या दातांत म्हणाले, “बंद कर ते. नाहीतर उद्यापासून येऊ नकोस.”

नाकाडी उठून उभी राहिली. “चाचणी नाही, बाई. लाल म्हणजे कालपासून ज्यांनी ऑक्सिजन मागितला, त्यांतल्या काहींना तो अजून मिळालेला नाही. आमची साइट बंद होती आणि आमचा ठिपका हिरवा होता.”

मागून पोरीचा आवाज येत होता, “आजोबा, काटा बघा, काटा. हो, मी थांबते, तुम्ही बघा.” पांढऱ्या केसांच्या बाई खुर्चीवर न बसता तो आवाज ऐकत राहिल्या.

नाकाडीचा फोन वाजला. मावशी.

“टाकी आली का?”

“आली, आली. गाडीवाल्याने लावूनही दिली. देवमाणूस.”

“काका?”

“ठीक आहेत.”

तो शब्द आता नाकाडीला ऐकवतही नव्हता. “मावशी, ठीक म्हणू नकोस. मला खरं सांग. त्यांच्या तोंडाशी फोन धर.”

“अगं, त्यांना बोलवत नाही...”

“धर म्हणते ना!”

पलीकडे कपड्यांची सळसळ झाली. मग फुस्स, फुस्स असा टाकीचा आवाज. त्याच्यामागे घरघर करणारा, मधे मधे अडकणारा श्वास. नाकाडीने डोळे मिटून घेतले. काका बोलेनात. साहेब काहीतरी पुटपुटत तिच्या अंगावर आले, तिने त्यांना हातानेच थांबवलं. पलीकडे श्वास आत गेला, बाहेर आला, पुन्हा आत गेला.

“तुमची...” काकांचा आवाज आला. मग पुन्हा दोन-तीन श्वास. “तुमची ती साइट...”

“हं, काका.”

“भिकार आहे. एकदम... भिकार. अक्षर बारीक. आणि त्या गाडीवाल्याने... चपला घालून... घरात...”

नाकाडीला रडू फुटलं. लाल भिंतीसमोर, पाहुण्यांसमोर, त्या लांब नाकावरून पाणी ओघळलं आणि तिने ते पुसलंही नाही.

“अजून बोला, काका,” ती म्हणाली. “अजून काय काय वाईट आहे, सगळं सांगा.”