डावीकडे बघा, तिसरी खिडकी

फिर्मिनने छत्तीस वर्षांत ब्रुज शहर कुणाकुणाला म्हणून दाखवलं नव्हतं! जपान्यांना दाखवलं, ब्राझीलवाल्यांना दाखवलं, एकदा तर चक्क एका पोपटाला दाखवलं, कारण मालकिणीने पोपटाचंही तिकीट काढलं होतं. कालव्यातल्या बोटीच्या मागच्या टोकाला बसायचं, एका हातात सुकाणू, दुसऱ्या हातात माइक, आणि चार भाषांत "डावीकडे बघा" म्हणायचं. दिवसातून दहा वेळा. फक्त एकाच माणसाला त्याने हे शहर कधी दाखवलं नव्हतं, आणि ते माणूस रोज सकाळी त्याच्यासमोर बसून कॉफी पीत होतं.

गोडलीव्ह. त्याची बायको. ती ब्रुजमध्येच जन्मली, ब्रुजमध्येच वाढली आणि आता ब्रुजला इतकी विटली होती की विचारूच नका. तिचंही चुकत नव्हतं म्हणा. घराचा जिना शिडीसारखा उभा आणि गुडघ्यांनी संप पुकारलेला. खिडकीशी बटाटे सोलत बसलं की बाहेरून कुणीतरी फोटो काढणार. मागच्या उन्हाळ्यात तर कहरच झाला. एक जोडपं संग्रहालय समजून दार ढकलून आत आलं, अख्खं घर फिरलं आणि स्वयंपाकघरात तिच्याकडे बोट दाखवून एकमेकांना म्हणालं, "किती हुबेहूब बनवलीय!" मग ती शिंकली, आणि दोघं किंचाळत पळाली.

त्यामुळे फिर्मिन निवृत्त झाला त्याच संध्याकाळी, केक कापता कापता, तिने जाहीर करून टाकलं. ब्लांकनबर्गला, समुद्रासमोर, चौथ्या मजल्यावर फ्लॅट. लिफ्ट आहे. शेजारच्या दारात बहीण ख्रिस्टा आहे. सोमवारी सकाळी दहा वाजता नोटरीकडे सही.

फिर्मिनच्या घशात केक अडकला. समुद्र! समुद्रात काय असतं? डावीकडे बघा, पाणी. उजवीकडे बघा, तेच पाणी. ना पूल, ना वळण, ना कुणाला काही सांगायची सोय. ब्रुज सुटलं तर आपण नुसते एक म्हातारे गृहस्थ उरणार, हे त्याला अगदी स्वच्छ दिसलं.

"अगं, हे शहर बघायला जगभरातून लोक येतात!" तो म्हणाला.

"येतात ना? बघतात आणि घरी जातात. मीही बघते आणि जाते."

"बघ तर खरं! एक दिवस दे मला. शनिवार. नाही तुझं मन बदललं तर सोमवारी मी पहिला सही करतो."

गोडलीव्हने सुरीवरचं क्रीम पुसलं. "चालेल. पण बोटीतून नाही. तुझी बोट मी छत्तीस वर्षं जेवणाच्या टेबलावर ऐकलीय. पायी दाखव."

"पायी तर पायी!" फिर्मिन मोठ्या ऐटीत म्हणाला. इथेच तो फसला.

कारण त्याला ब्रुजची वीट न् वीट पाठ होती, पण ती पाण्यावरून. पुलांची पोटं त्याला ठाऊक होती, पाठी नाही. घरांच्या मागच्या बाजू तोंडपाठ होत्या, पण पुढची दारं कोणत्या गल्लीत उघडतात याचा त्याला पत्ता नव्हता. जमिनीवरून तो फक्त दोनच रस्त्यांनी जायचा, घरून धक्क्यावर आणि घरून बेकरीत.

शनिवारी सकाळी दोघं निघाली. त्याने नवे बूट घातले होते. तिने पर्समध्ये उकडलेली अंडी घेतली होती, कारण बाहेरच्या खाण्यावर तिचा विश्वास नव्हता. पहिल्याच पुलावर फिर्मिन भारदस्त आवाजात म्हणाला, "आता डोकी सांभाळा!" आणि स्वतः खाली वाकलासुद्धा. पुलाच्या वर. मोकळ्या आकाशाखाली.

गोडलीव्ह थांबली. "पक्षी आडवा येतोय का रे?"

"सवय गं," तो कान लाल करून म्हणाला. "चल, आता तुला असं काही दाखवतो की तू थक्क होशील. नाक तुटलेला देवदूत! भिंतीतून असा बाहेर झुकलाय, जणू पाण्यात आपलंच नाक शोधतोय."

देवदूत शोधायला पाऊण तास लागला. डावीकडे म्हणून तो वळायचा, पण बोट यायची उलट दिशेने, त्यामुळे त्याचं प्रत्येक डावीकडे आज उजवीकडे निघत होतं. एकाच चॉकलेटच्या दुकानावरून ती दोघं तीनदा गेली. तिसऱ्यांदा आतल्या बाईने हात हलवला. शेवटी एका करड्या दारासमोर उभं राहून फिर्मिनने विटा मोजल्या, धुराडं ओळखलं आणि हात पसरले. "हेच ते घर!"

"हा माझा दातांचा डॉक्टर आहे," गोडलीव्ह म्हणाली.

"देवदूत मागच्या बाजूला आहे."

"वीस वर्षं मी त्या खुर्चीत तोंड उघडून बसतेय. माझ्यामागे देवदूत होता?"

"होता! आहे! फक्त इथून दिसत नाही."

"मग मी काय बघू? पाटी?"

दोघांनी पाटी बघितली. सोमवार ते शुक्रवार, नऊ ते पाच. प्रेक्षणीय स्थळ क्रमांक एक संपलं.

पुढचा दिवस काय वर्णावा! घंटाघराच्या मनोऱ्यापाशी रांग अशी होती की तिच्या शेवटी उभ्या असलेल्या माणसाला आपण कशासाठी उभे आहोत हेच माहीत नव्हतं. तो फक्त सगळे उभे म्हणून उभा होता. शिवाय आत पायऱ्या! गोडलीव्हने गुडघ्याकडे पाहिलं, गुडघ्याने तिच्याकडे, आणि विषय मिटला. चौकातल्या हॉटेलात क्रोकेटचे, म्हणजे कोळंबीच्या तळलेल्या वड्यांचे, फोटो असलेलं मेनूकार्ड हातात आलं, तशी ती उठलीच. "पदार्थाचा फोटो लावावा लागतो म्हणजे तो ओळखू येत नसणार. चल." मग दोघांनी कालव्याकाठी बाकावर बसून अंडी खाल्ली, आणि एका पर्यटकाने त्यांचा फोटो काढला.

तीन वाजेपर्यंत फिर्मिनच्या टाचांना दोन टपोरे फोड आले होते. छत्तीस वर्षं बसून काम केलेला माणूस तो! गर्दी त्याला ढकलत होती, घोडागाड्या अंगावर येत होत्या आणि स्वच्छतागृह कुठेच सापडत नव्हतं. बोटीतून हे शहर कसं स्वतःहून शांतपणे समोर सरकत यायचं. आज ते दर पावलाला त्याचा पाय तुडवत होतं. एका पुलाच्या कठड्यावर तो मटकन बसला. सोमवारची सही त्याला इथूनच दिसायला लागली होती.

"झालं दाखवून?" गोडलीव्हने विचारलं. आवाजात टोमणा नव्हता, हेच जास्त लागलं.

तेवढ्यात पुलाखालून बोट निघाली. सुकाणूवर नेले होती, फिर्मिननेच तयार केलेली पोरगी. माइकवरचा आवाज थेट वर आला. "डावीकडे बघा, वरची तिसरी खिडकी! सहाशे वर्षांपूर्वी तिथे राहायची लेडी गोडलीव्ह!"

फिर्मिन ताडकन उठला. "चल, निघू या."

"थांब." गोडलीव्हने त्याची बाही धरली. "माझं नाव घेतलं तिने."

"एक तरुण सरदार रोज तिच्या खिडकीखालून नावेने जायचा," नेले रंगात आली होती. "आणि एके दिवशी त्या गर्विष्ठ सुंदरीने घाण पाण्याची बादली सरळ त्याच्या डोक्यावर ओतली! पण सरदाराचं प्रेम असं की त्याने मरेपर्यंत हा कालवा सोडला नाही. आणि लेडी? ती पश्चात्तापाने झुरून झुरून मेली!"

गोडलीव्हने खिडकीकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे. ते तिच्या मावशीचं घर होतं. लग्नाआधीच्या एका उन्हाळ्यात ती मावशीकडे फरशी पुसायला गेली होती आणि न बघता बादली बाहेर रिकामी केली होती. खाली एक नवशिका नावाडी होता आणि चौदा डॅनिश प्रवासी.

"फिर्मिन. हे तू सांगायचास?"

"रोज," तो बुटांकडे बघत म्हणाला. "दहा वेळा."

"सरदार?"

"नावाडी म्हटलं की लोक फोटो काढत नाहीत गं."

तिने पुन्हा त्या खिडकीकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "तू भांडायला आलास तो अकराव्या दिवशी. मला वाटायचं, राग पिकवत बसला असशील. आयुष्यभर वाटत आलंय मला, की हा माणूस अकरा दिवस डूख धरतो."

"राग कसला! दुसऱ्याच दिवशी निघालो होतो फुलं घेऊन." फिर्मिनने कपाळ पुसलं. "दार सापडत नव्हतं. मागून घर दिसायचं, पुढून गल्लीच लागायची नाही. अकरा दिवसांत तीन वेळा फुलं बदलली मी. शेवटी सापडलं तेव्हा फुलं मिळाली नाहीत, म्हणून मग भांडलो."

सकाळपासून तिने त्याला चॉकलेटच्या दुकानावरून तीनदा फिरताना पाहिलं नसतं, तर हे तिने जन्मात खरं मानलं नसतं! गोडलीव्ह हसायला लागली. कठड्याला धरून, गुडघे विसरून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. आणि मग तिला एकदम काहीतरी आठवलं. तिने पुलावरून खाली वाकून, अख्ख्या कालव्याला ऐकू जाईल अशा आवाजात हाक मारली.

"ए नेले! मेले नाहीये मी! आणि पश्चात्ताप तर मुळीच झालेला नाही!"

बोटीतली चाळीस तोंडं वर वळली. नेले क्षणभरच दचकली. शेवटी शिष्या कुणाची! "आणि मंडळी, वर पुलावर बघा," ती माइकवर गरजली, "लेडी गोडलीव्ह स्वतः!"

टाळ्या पडल्या. कॅमेरे चमकले. खिडकीतून फोटो काढला की पडदे ओढणाऱ्या गोडलीव्हने आज केस सारखे केले आणि हात हलवला.

पाच मिनिटांनी ती फोनवर होती. "ख्रिस्टा, सोमवारचं रद्द. नाही गं, बरी आहे. इथे माझ्यावर आख्यायिका आहे, आणि शेवट चुकीचा सांगतात. अशी कशी सोडून येऊ?"

फिर्मिन जिंकला होता! ब्रुज वाचलं होतं. त्याने सावकाश एक बूट काढला. "मग आता घरी जायचं?"

"घरी? अजून सहा बोटी यायच्यात. आणि उद्याही येऊ. इतर नावाडी काय सांगतात ते ऐकायला हवं."

"उद्या? पायी?"

"मग काय पोहत?"

फिर्मिनने फोडावर फुंकर घातली. डोळ्यांसमोर समुद्र आला, सपाट, रिकामा, कुणालाही काही दाखवायला न लावणारा.

"तो फ्लॅट," त्याने अगदी हळू विचारलं, "लिफ्टचा होता ना गं?"

"होता," गोडलीव्ह पुढच्या बोटीकडे मान उंचावून म्हणाली. "जरा डावीकडे सरक. मी त्यांना दिसत नाहीये."