सारिकाचा खाडा

महिनाअखेरचं मस्टर संध्याकाळच्या आत मालकाच्या कचेरीत पोचायला हवं होतं. मलकापूरच्या त्या जिनिंगमध्ये हजेरी सांभाळणारे उत्तमराव सारिकाच्या ओळीवर येऊन थांबले. सोमवारी कापसातली कवडी, म्हणजे किडका कापूस, वेचता वेचता सारिकाला कळा सुरू झाल्या आणि ती दवाखान्यात गेली. अजून तिथंच होती. तरी मंगळवारपासून रोज तिची सही होती. एक तिरपी, एक टपोऱ्या अक्षरांची, एक तर शाईच्या डागासकट.

त्यांनी बायांच्या मुकादम पुष्पाबाईंना हाक मारली. "ही बाई तिकडे बाळंत झाली अन् इकडे सह्या करून राह्यली. लई कामसू दिसते!"

पुष्पाबाई तोंडाला पदर लावून हसल्या. "आम्ही वाटून घेतल्या, भाऊ. काम बी तिच्या वाटचं आम्हीच उपसलं. तिचा खाडा काऊन पडू द्यावा?"

"पोरगी कधी झाली?"

"मंगळवारी सकाळी. जावळ पाहा तिचं, डोळ्यावर येते!"

"मंगळवारी ती इथं होती, म्हणते हा कागद. बाळंतपणाच्या रजेसाठी साहेब जन्माची तारीख पाहातीन, मस्टर पाहातीन, अन् अर्ज परत. मंग ते लेकरू टाकून येईन का ती कामावर?"

पुष्पाबाईंचं हसू मावळलं. "आता वं माय! आम्ही तं मायेनं केलं."

"हाव. माहीत आहे मले."

गेल्या वर्षी उत्तमरावांची बायको संजीवनी वारली. तेरवी उरकून ते कामावर आले तर मस्टरमध्ये त्यांची एकही रजा नव्हती. कुणीतरी रोज त्यांची सही केली होती. त्यांनी कुणाला विचारलं नाही. पण ती गेली त्या दिवसाच्या चौकटीवर बोट ठेवून ते बराच वेळ बसले होते. कागद म्हणत होता, उत्तमराव दिवसभर जिनिंगमध्ये होते. तिच्या उशाशी नव्हतेच.

त्यांनी लाल पेन घेतलं. मंगळवारपासूनच्या सह्या एकेक करून खोडल्या. सोमवारपर्यंतची हजेरी तशीच ठेवली आणि खाली लिहिलं : हजेरी दुरुस्त केली. बाई दवाखान्यात, सही घेता आली नाही. त्याखाली आपली सही केली.

"आता साक्षीदार म्हणून तुम्ही करा. पण सही तुमचीच करजा!"

पुष्पाबाईंनी सावकाश सही केली. पेन परत देताना म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या वक्ताच्या सह्या माह्याच होत्या."

"समजलं होतं. सहीच्या शेवटी तुम्ही जो वळसा दिला ना, तो मले अजून जमत नाही."

दोघंही हसले. पुष्पाबाईंनी पदरानं डोळे पुसले.

कारणाच्या रकान्यात उत्तमराव 'प्रसूती' लिहिणार होते. पेन टेकवलं, थांबले, आणि मग चौकटीबाहेर जाणाऱ्या अक्षरांत लिहिलं : मंगळवारी सकाळी मुलगी झाली. सारिका तेव्हा तिच्याजवळ होती.