मिठाच्या बर्फातलं पिल्लू

तीन दिवस राबून मी चार सेकंदांची फिल्म केली होती. मी कॉफी पिऊन येईपर्यंत इल्मार मामानं तिचा निकाल लावला.

बाहुल्यांची फिल्म अशीच होते. लोकरीचं पिल्लू केसभर हलवायचं, फोटो काढायचा, पुन्हा हलवायचं. मध्ये कशाला धक्का लागला की सगळं पहिल्यापासून. आमच्या समुद्रातून संपत चाललेल्या सील प्राण्यांवरची ही फिल्म शुक्रवारी महोत्सवाला पाठवायची होती, आणि बुधवार उजाडला होता. मामा किह्नू बेटावरचा, तरुणपणी सीलची शिकार केलेला. चुका दाखवायला त्याला इकडं शहरात, तालिनला, मीच बोलावून घेतलं होतं. आपल्याच पायावर धोंडा.

येऊन बघते तर पिल्लू गायब, आणि त्या जागी मिठाचा टुमदार ढीग. आमच्या स्टुडिओत बर्फ मिठाचाच असतो.

"मामा, पिल्लू कुठंय?"

"घरात," मामा हात झटकत म्हणाला. "उघड्यावर कसलं ठेवतेस गं? सीलची आई बर्फात गुहा करून पिल्लाला लपवते. एवढं ठाऊक नाही, आणि निघाली फिल्म काढायला."

"ठाऊक आहे. पण गुहेपुरता बर्फ पडतो का हल्ली? तेच दाखवतेय मी."

एरवी मामा शब्दाला शब्द वाढवणारा. आता त्यानं ढिगाची एक कड बोटानं नीट केली.

"सहा वर्षं एकही घर दिसलं नाही मला," तो म्हणाला. "वाटलं, माझेच डोळे गेले."

माझा राग कुठल्या कुठे गेला.

"मग आधी घर दाखव," मामा म्हणाला. "नंतर मोड. लोकांना कळू दे काय गेलं ते."

म्हातारा बरोबर बोलत होता, पण तसं कबूल करणं जिवावर आलं.

"बांधलंयस तू, मोडायचंही तूच," मी म्हटलं.

दोन दिवस मामा चिमटीनं मीठ उचलून हात बाजूला घ्यायचा आणि मी फोटो काढायचे. मधेच तो धुरी दिलेला मासा खायचा.

"हात पूस, पिल्लाला वास लागेल."

"लागू दे. त्याला आवडतो."

शुक्रवारी दुपारी पिल्लाच्या नाकाशी शेवटची चिमूट उरली. मामाचा हात तिथवर गेला आणि थांबला. मग त्यानं तळवा पिल्लावर आडवा धरला.

"मामा, हात काढ. चित्रात येतोय."

"असली पन्नास मारलीत मी," मामा म्हणाला. "हे राहू दे."

चित्रात माणसाचा हात येणं ही आमच्या धंद्यातली सगळ्यात लाजिरवाणी चूक. मी फोटो काढला, आणि फिल्म तिथंच संपवली.