पेटीत काय भरायचं

हेमचंद्र वकिलांना यंत्रातलं काडीचंही कळत नव्हतं, आणि ही गोष्ट कर्जतपासून कशेळ्यापर्यंत फक्त त्यांनाच ठाऊक नव्हती. दुसरी मोठी लढाई संपल्यावर त्यांनी मुंबईच्या कुठल्याशा लिलावातून लोखंडी चाकांचा, वीस वर्षं जुना ट्रॅक्टर उचलून आणला आणि कशेळ्याजवळच्या आपल्या शेतावर उभा केला. येणाऱ्याजाणाऱ्याला ते तो घरची सून दाखवावी तसा दाखवत.

वाल्मिकला आधी त्यांचं हसू यायचं, मग कीव यायला लागली, आणि आता निव्वळ तिटकारा आला होता. नेरळहून माथेरान चढणाऱ्या छोट्या इंजिनावर चोवीस वर्षं तेल घातलेला हा माणूस. कुठल्या सांध्याला काय लागतं, ते त्याच्या नुसत्या हाताला कळायचं. ट्रॅक्टरची देखभाल त्याच्याकडे होती, आणि चालवायला त्याचा जावई पोपट, लढाईत लष्कराचे ट्रक हाकून आलेला.

भांडण झालं ते एका पेटीवरून. स्टिअरिंगच्या दांड्याच्या खालच्या टोकाला नारळाएवढी लोखंडी पेटी होती. दांड्याचे आटे तिच्या आत एका दातेरी चाकाला फिरवायचे, तेव्हा कुठे पुढची चाकं वळायची. पेटी म्हातारी झालेली, घातलेलं तेल तिच्या फटींतून ठिबकायचं. वाल्मिकनं सांगितलं, वाफेच्या इंजिनाच्या सिलिंडरला घालतात ते काकवीसारखं जाड तेल घालू. थोडं ठिबकेल, आठवड्यानं पुन्हा भरू. तसा एक डबा त्यानं मागवून गोठ्यात ठेवलाही होता.

वकिलांनी नाक मुरडलं. दसऱ्याला मुंबईचे पाहुणे येणार होते आणि त्यांच्या अंगणात तेलाचे डाग!

“ग्रीस भर,” ते म्हणाले. “पुस्तकात जिथं तिथं ग्रीसच लिहिलंय.”

“सायेब, ते चाकाच्या कण्याला. या पेटीत ग्रीस नाय चालत. आटे फिरले का ते बाजूला सरतं, भिंतीला चिकटून बसतं, ते काय परत येत नाय. तेल आपसूक वाहत येतं.”

“वाल्मिक, तू जन्मभर खेळण्यातल्या गाडीला तेल घातलंस. हा ट्रॅक्टर आहे.”

गडी हसले. पोपटही हसला, थोडासाच, पण वाल्मिकनं पाहिलं. त्यानं पेटीत काठोकाठ ग्रीस कोंबलं.

अंगण कोरडं राहिलं. वकील रोज सकाळी वाकून जमीन तपासायचे आणि स्वतःवरच खूश व्हायचे. दसऱ्याला पाहुण्यांसमोर ट्रॅक्टर आपण स्वतः हाकणार, हे त्यांनी गावभर सांगून ठेवलं होतं, म्हणून रोज संध्याकाळी घरासमोरच्या माळावर गोल गोल फेऱ्या मारायचे. स्टिअरिंग जड व्हायला लागलं, तेव्हा म्हणाले, नवं ग्रीस बसायला वेळ लागतो.

दसऱ्याच्या दोन दिवस आधी त्यानं पेटीचं झाकण उघडलं. ग्रीस चारी बाजूंना लिंपल्यासारखं बसलेलं आणि मधले आटे उघडे, घासून चकचकीत झालेले. अगदी त्यानं सांगितलं होतं तसंच. त्याला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. तेलाचा डबा दहा पावलांवर होता, काम घटकाभराचं. पण सपाट माळावर वकिलांचं स्टिअरिंग अडकावं, ट्रॅक्टर कुठंतरी बांधावर चढून बसावा आणि चार शहाण्या लोकांत त्यांचं नाक कापलं जावं, एवढंच त्याला हवं होतं. त्यानं झाकण घट्ट बसवलं आणि हात पुसले.

दसऱ्याला ट्रॅक्टरला झेंडूच्या माळा घातल्या, नारळ फुटला. वाल्मिक माळाच्या पार टोकाला बांधावर तंबाखू मळत बसला. तमाशा नीट दिसायला हवा होता ना! वकील वर चढले. त्यांनी स्टिअरिंग ओढलं, पुन्हा ओढलं, त्यांना घाम फुटला. मग काहीतरी हसून बोलले आणि खाली उतरले. त्यांच्या जागी पोपट बसला, आणि वकिलांनी हात लांब करून माळाखाली ओढ्याकडे उतरणाऱ्या रस्त्याकडे बोट दाखवलं.

वाल्मिकच्या हातातली तंबाखू सांडली. तो धावत सुटला.

“पोपट! उतर रं! आतून कोरडी हाय ती!”

इंजिनाच्या आवाजात पोपटला काय ऐकू येणार? सासरा कौतुकानं ओरडतोय असं वाटून त्यानं उलट हातच हलवला. उतारावर रस्ता वळला, ट्रॅक्टर वळला नाही. तो सरळ ओढ्यात गेला. पोपटनं उडी टाकली, पण उजवं पाऊल लोखंडी चाकाखाली आलं.

सहा जणांनी मिळून त्याला बाहेर काढलं. पावलाकडे बघवत नव्हतं. वाल्मिकनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. धोतर सावरत वकील आले, तोंड पांढरं पडलेलं.

“वाल्मिक, तुझंच खरं होतं,” ते सगळ्यांदेखत म्हणाले. “मी मूर्ख. तुझं ऐकायला हवं होतं रे मी.”

हेच वाक्य ऐकायला वाल्मिक महिनाभर आसुसला होता. पोपटनं डोळे उघडले.

“सायेब, स्टेरिंग जड हाय ते मलाबी सकाळी कळलं व्हतं,” तो कसाबसा म्हणाला. “पन परवा मामांना पेटी उघडताना बगितलं मी. म्हनलं, मामांनी हात लावलाय, आता फिकीर नाय. म्हनून तर बसलो.”

वकिलांच्या कानात त्यातलं काही शिरलं नाही. ते हात जोडून पुन्हा पुन्हा माफी मागतच राहिले, आणि वाल्मिकनं त्यांना थांबवलं नाही.