रुश्निकच्या मागच्या गाठी

ओरिनामावशीच्या हाती रुश्निक, म्हणजे सणासमारंभाचा भरतकाम केलेला लांब पंचा, आला की ती आधी तो उलटा करायची. पुढची नक्षी कुणीही काढेल, मागची बाजू दाखवा, असा तिचा खाक्या. मागे गाठ दिसता कामा नये. गाठींचं कापड घरात अपशकुन आणतं, हे गावातल्या बायका तिच्या शिव्या खातच शिकल्या होत्या.

म्हणून बायका भरतकामाला जमायच्या त्या वाचनालयातल्या टेबलावर ख्रिस्त्या नावाच्या पोरीचा रुश्निक उलटताच मावशीनं कपाळाला हात लावला. पुढून लाल फुलं काय देखणी, आणि मागे नुसता गाठींचा बुजबुजाट! पोरीचं मन थाऱ्यावर नाही, दुसरं काय? रशियन शिपाई गावात होते तेव्हा त्यांनी तिला शाळेच्या तळघरात डांबलं होतं. तिथलं ती आजवर चकार शब्द बोलली नव्हती. आणि आज दुपारी शहरातून वकीलबाई त्याचीच जबानी घ्यायला इथं यायच्या होत्या. परक्या माणसापुढे पोरीची शोभा नको, असं म्हणून मावशीनं कात्री उचलली. ख्रिस्त्या घरी जेवायला गेली होती, तेवढ्यात एकूण एक गाठ कापून टोकं टाक्यांखाली दडवली. मागची बाजू लख्ख झाली. मावशी स्वतःवरच खूश.

ख्रिस्त्यानं आल्या आल्या रुश्निक उलटून बघितला.

"मावशी, गाठी कुठायत?"

"काढल्या. अगं, तुझ्यासारख्या पोरीनं असा गबाळेपणा—"

"मुद्दाम मारल्या होत्या गं! तिथं जे जे झालं, त्याची एकेक. बाईंनी विचारलं असतं, मी गाठीवर बोट ठेवून मान हलवली असती. तोंडानं नाही होत माझ्याच्यानं."

धरणीनं पोटात घ्यावं असं मावशीला झालं. जळो ती कात्री आणि जळो मेली शिस्त!

"मी परत मारून देते, पोरी."

"तुला काय माहीत कुठली कशाची?"

बाहेर गाडी थांबली. मावशी धडपडत उठली. "आज नको म्हणून सांगते त्यांना."

"थांब." ख्रिस्त्यानं तिचा हात धरला. "परत मारायच्या म्हणजे प्रत्येक परत आठवायची. त्यापेक्षा एकदाच बोलते. तू बस इथं. पण मध्ये तोंड घातलंस तर बघ."

वकीलबाई समोर बसल्या आणि ख्रिस्त्या बोलू लागली. जन्मात कधी गप्प न बसलेली मावशी ओठ दाबून ऐकत राहिली, आणि आपण कापलेली कुठली गाठ कशाची होती ते तिला कळत गेलं.