आठ घरांची पाटी

हर्मिनेने रेजीमावशींच्या फाटकावरून तिसरी फेरी मारली, तेव्हा समोरच्या बाकावर शेंगा सोलत बसलेल्या व्हियोरिकाला राहवेना.

"काकू, फाटक चावत नाही हो. कुत्रं होतं, तेही गेल्या वर्षी मेलं."

हर्मिने कसनुसं हसली आणि पुन्हा विहिरीपर्यंत गेली. अडुसष्ट वर्षांची बाई, जर्मनीहून दोन दिवस बसमध्ये अंग आंबवून आलेली, आणि शेवटची दहा पावलं काही टाकवेनात. पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर होत राहिली.

पिशवीत पाटी होती. लाकडाची, तळहाताएवढी. रुमानियातल्या जर्मनवंशी सॅक्सनांच्या या गावात कुणाकडे काही झालं की शेजारप्रमुख, म्हणजे आळीचा कारभारी, तिच्यावर चिठ्ठी टाचायचा. ती वाचायची आणि हातातलं काम टाकून पुढच्या घरी द्यायची. दूध उतू गेलं तरी चालेल, पाटी घरात थांबता कामा नये. आणि पाटी आल्याशिवाय मयताच्या घरी सख्खा भाऊही पाऊल टाकायचा नाही. असली ही ताठ माणसं.

नव्वद सालच्या मार्चमध्ये अर्धं गाव जर्मनीला निघालं होतं. हर्मिनेचं सामान ट्रकवर चढत असतानाच पाटी आली. रेजीमावशींचे यजमान, तुमासकाका, गेले होते, आणि पाद्रीही पहाटे गाव सोडणार म्हणून माती आजच द्यायची होती. "नेते हं पुढे," म्हणत तिने पाटी उघड्या ट्रंकेत टेकवली. कुणीतरी वर रजई कोंबली, कुलूप घातलं. पाटी सापडली ती थेट जर्मनीत.

इकडे हर्मिनेच्या पुढच्या आठ घरांतलं कुणीच मातीला आलं नाही. आठवं घर रेजीमावशींच्या भावाचं, मिशचं. बहीण म्हणाली, आला नाही. भाऊ म्हणाला, बोलावलं नाही. उन्हाळ्यात तोही जर्मनीला निघून गेला. त्याची पत्रं न फोडता परत जात राहिली. हर्मिनेला सगळं ठाऊक होतं आणि ती चौतीस वर्षं मूग गिळून बसली. भित्रेपणा, दुसरं काय! या हिवाळ्यात तिकडेच मिश वारला आणि तिची झोप उडाली.

चौथ्या फेरीला फाटक आतूनच उघडलं.

"चर्च बघायचंय का?" रेजीमावशींच्या हातात चर्चची किल्ली होती; आता ती त्याच सांभाळत. पाठीतून वाकल्या होत्या, आवाज मात्र तसाच. "मग येरझारा कसल्या घालतेस? थांब. हर्मिने ना गं तू?"

हर्मिनेने पाटी काढून पुढे केली. चिठ्ठी पिवळी पडली होती, पण टाचणी जागची हलली नव्हती. 'तुमास. माती आज चार वाजता.'

रेजीमावशींनी वाचलं. पुन्हा वाचलं.

"मिशला?"

"पोचलीच नाही, मावशी. माझ्या ट्रंकेत राहिली. माझी चूक. त्याची नाही."

आता मावशी किंचाळतील, काठी उगारतील, असं तिला वाटलं. उगारली असती तर बरंच झालं असतं. मावशींनी किल्ली एप्रनच्या खिशात टाकली.

"चल. वाचून झालं की पाटी पुढे न्यायची असते. विसरलीस?"

त्या निघाल्या. पहिल्या घराचं छप्पर खचलं होतं. "ठोक," मावशी म्हणाल्या. हर्मिनेने ठोकलं आणि मोठ्याने सांगितलं, "तुमासकाका गेले. चारला माती." दुसऱ्या घरी एक रुमानियन म्हातारा बाहेर आला, दोघींकडे बघून त्याने गुपचूप टोपी काढली. तिसरं, चौथं, पाचवं. मावशी थांबू देईनात.

आठव्या दाराला गंजलेलं कुलूप होतं. हर्मिनेने हात उचलला तसा मावशींनी तो बाजूला सारला आणि स्वतःच्या मुठीने दार ठोकलं.

"मिश! अरे, तुमास गेला. ये लवकर."

मग माणसाला बूट चढवायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ त्या दाराशी उभ्या राहिल्या.