दोघांत वैर नव्हतं

राजूरच्या नाक्यावरच्या टायरच्या दुकानात, भर दुपारी अडीच वाजता, अश्वजितने राजदीपच्या डोक्यात टायर काढायची लोखंडी टॉमी घातली. एकदा नाही, तीनदा. मग टॉमी खाली ठेवली, हात धुतले आणि पोलीस येईस्तोवर स्टुलावर बसून राहिला. दुकानातल्या दोन गिऱ्हाइकांनी हे डोळ्यांनी पाहिलं, त्यामुळे कोणी केलं हा प्रश्नच उरला नाही. का केलं, तेवढं कोणाला सांगता येईना.

सत्यशीला राजदीपची मोठी बहीण. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता. तिनेच त्याला वाढवलं, आणि त्याच्यासोबत अर्धाअधिक अश्वजितलाही. दोघं एका वस्तीतले, एका वर्गातले; शाळेतून सुटले की तिच्याच चुलीपुढे येऊन बसायचे. पुढे राजदीप कोळशाच्या टिप्परवर ड्रायव्हर झाला, अश्वजितने टायरचं दुकान टाकलं. राजदीपच्या लग्नात पंगतीला वाढायला कमरेला दुपट्टा बांधून तोच उभा होता.

बातमी आली तेव्हा सत्यशीला अंगणवाडीत पोरांची वजनं घेत होती. हातातल्या पोराचं वजन तिने रजिस्टरात लिहिलं आणि मगच उठली. याचं पुढे तिलाच नवल वाटायचं. राजदीपच्या पुण्यानुमोदनाला, श्रद्धांजलीच्या दिवशी, सगळी वस्ती विहारात रडली. ती पाण्याचे ग्लास देत फिरली.

लोकांकडे कारणं पुष्कळ होती. कोणी म्हणे प्लॉटची भानगड, कोणी म्हणे बाईची, कोणी म्हणे दारू. सत्यशीलाने एकेक कारण तपासून पाहिलं. प्लॉट दोघांपैकी एकाकडेही नव्हता. दारूला अश्वजित शिवत नसे. राहिली बाई, म्हणून एका दुपारी ती अश्वजितच्या बायकोकडेच गेली. त्या घराचा उंबरा तोवर कोणी चढलं नव्हतं.

उर्वशी तिला पाहून भिंतीला टेकली. "ताई, मले माराले आल्या का?"

"नाही. विचाराले आली. त्या दिवशी घरून निघाला, तवा कसा होता?"

उर्वशीने आठवून पाहिलं. "पोया खाल्ल्या. भाजी तिखट झाली म्हने. पोरीची वेणी घातली अन् गेला."

"कोणाचं नाव घे का? राजदीपवर राग?"

"नाही जी. आदल्या दिवशी दोघं माह्याच हातचा चहा पेले."

 सत्यशीला उठली.

केस उभी राहिली. सरकारी वकील म्हणाले, "जुनं काही वैर असेल तर कोर्टाला सांगा बाई. कारण दिसलं की बरं पडतं." ती हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही.

साक्षीच्या दिवशी व्हरांड्यातल्या बाकावर अश्वजित दोन शिपायांमध्ये बसला होता. ती समोर जाऊन उभी राहिली. बोलू नका बाई, असं एक शिपाई म्हणाला खरा, पण उठला नाही.

"काहून मारलं?" तिने विचारलं.

"हसला तो."

"कायवर?"

"मी जॅक लावून राह्यलो होतो. जॅक सटकला. तो हसला."

"तो त रोजच हसे."

"हो."

"मंग?"

अश्वजितने वर पाहिलं. लहानपणी गणित अडलं की तिच्याकडे असाच पाहायचा. "मले नाही मालूम, ताई. मी बी तेच शोधून राह्यलो."

आता आत काहीतरी फुटेल, असं तिला वाटलं. ती थांबली. काही झालं नाही. तेवढ्यात तिचा पुकारा झाला.

पिंजऱ्यात वकिलांनी विचारलं, "दोघांत काही वैर होतं?"

"नव्हतं."

"जागेचा वाद? बाईचा?"

"नाही. दोघं माह्याच घरी मोठे झाले."

बाहेर आल्यावर राजदीपची बायको दीपा तिच्याशी बोलली नाही. पुढेही कित्येक दिवस बोलली नाही. नणंदेने मारेकऱ्याला वाचवलं, असं तिने चारचौघांत सांगितलं. सत्यशीलाने ते ऐकून घेतलं.

पण डोळ्यांनी पाहणारे दोघे साक्षीला ठाम राहिले. अश्वजितला जन्मठेप झाली. निकाल ऐकून दीपा नुसती "झालं" म्हणाली आणि परतीच्या बसमध्ये आपणहून सत्यशीलाशेजारी येऊन बसली.

बस गावाबाहेर पडली तेव्हा तिने विचारलं, "त्या दिवशी व्हरांड्यात काय म्हने तो तुम्हाले?"

खोटं सांगता आलं असतं. "राजदीप हसला म्हने," सत्यशीला म्हणाली. "म्हणून मारलं."

दीपा खिडकीबाहेर पाहत राहिली. बाहेर कपाशीची रिकामी वावरं मागे पडत होती.

"हसताना डोये मिटून जात त्यायचे," ती म्हणाली. "त्यायले टॉमी दिसली बी नसंन."

सत्यशीलाने मान हलवली. कंडक्टर जवळ आला. तिने राजूरची दोन तिकिटं मागितली.